कंपनीचा हिस्सा

आमच्या थोरल्या साडूंइतका प्रामाणिक माणूस सबंध धाराशिव जिल्ह्यात नाही, आणि असा आणखी एखादा असता तर हा जिल्हा राहण्याजोगा उरला नसता. हे मी कौतुकानं म्हणतो की वैतागून, ते मला स्वतःलाच अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून आमच्या घरात लहानथोर सगळे त्यांना दाजी म्हणतात. तुळजापुरात आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर. मी शाळामास्तर, ते पवनचक्क्यांच्या एका कंपनीत नोकरीला. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, आवाज मात्र आरतीला उभे राहिले की चौकापर्यंत जाणारा. शर्टाला शिंप्याकडून मुद्दाम दोन खिसे शिवून घेतात. डाव्या खिशातलं पेन कंपनीचं, उजव्यातलं स्वतःचं, आणि कंपनीच्या शाईनं त्यांनी घरचा किराणासुद्धा कधी लिहिला नाही. माझ्या पुतणीच्या लग्नात आम्ही त्यांना आहेर लिहून घ्यायला बसवलं होतं, कारण त्या टेबलावर विश्वासाचा माणूस लागतो. ऐन गर्दीत उजवं पेन संपलं. डावं भरलेलं, खिशात टोपण चमकवत बसलेलं. दाजी उठले, मंडपाबाहेर पडले आणि बसस्टँडजवळच्या दुकानातून रिफिल आणायला पायी निघून गेले. इकडं पाकिटं हातात धरलेली माणसं रांगेत ताटकळत उभी. मी नंतर म्हटलं, "अहो, कुणाचंही पेन मागून घ्यायचं." तर म्हणाले, "मागितलेलं पेन परत द्यायचं राहतं बघा. मग ते जन्मभर खिशात टोचतं."

त्यांच्याबरोबर भाजीबाजारात जाणं मी केव्हाच सोडलंय. भाजीवाली वांगी तोलून झाली की सवयीनं वर चार काड्या कोथिंबीर टाकते. दाजी ती उचलून परत तिच्या टोपलीत ठेवतात. "ही मी मागितली न्हाय." ती म्हणते, "अवो राहू द्या की, पैसं कुठं मागाय लागले मी?" "म्हणून तर नको." असं किती जणींशी झालं असेल देव जाणे, पण एकदा एक खमकी भेटली. तिनं पिशवीत हात घालून वांगीही काढून घेतली आणि म्हणाली, "कोथमीर नको तर वांगी बी न्हायती. गिऱ्हाइकाच्या पिशवीत जरासं वरचं टाकल्याबिगर मला बरं वाटत न्हाय, अन् तुमाला ते घ्याया कमीपणा वाटतोय व्हय?" दाजी रिकामी पिशवी घेऊन घरी आले. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्या दिवशी पिठलं केलं. पिठलं त्या घरात या कारणानं बऱ्याचदा होतं.

देवाच्या बाबतीतही तेच. साइटवर जाणारी कंपनीची जीप अणदूरवरून जाते, आणि अणदूरचा खंडोबा आमच्या दोन्ही घरांचं कुलदैवत. पण कंपनीच्या जीपमध्ये बसलेले असताना दाजी देवळाच्या बाजूला बघतसुद्धा नाहीत, मान उलटीकडं वळवून बसतात. का, तर कंपनीच्या डिझेलवर दर्शन झालं तर पुण्य कुणाचं, हा प्रश्न निघतो. मग रविवारी स्वतःच्या स्कूटरवर, स्वतःचं पेट्रोल जाळून, तेवढ्यासाठी पुन्हा अणदूर. एकदा मी मागं बसून गेलो होतो. गाभाऱ्यापुढं हात जोडून हा माणूस पुटपुटत होता, "आठवडाभर तोंड फिरवलं, माफी असावी. ड्यूटीवर होतो." या देवावर त्यांची भक्ती आहे ती तो नवसाला पावतो म्हणून नाही. हा देव वर्षातला काही काळ अणदूरला राहतो, काही काळ नळदुर्गला, आणि दोन्ही गावांचं जसं ठरलंय तसा पालखीत बसून निघतो. "बघा," दाजी म्हणतात, "देव असून ठरल्या दिवशी उठतो. अन् आपले कंत्राटदार."

असा माणूस कंपनीत कसा चालत असेल, असं कुणालाही वाटेल. चालत नव्हताच. आधी ते खरेदी खात्यात होते. तिथं दिवाळीला कंत्राटदारांकडून काजू-बदामाचे डबे यायचे, आणि दाजी डबा परत द्यायला स्कूटर घेऊन त्यांच्या मागं लागायचे. एक बिचारा त्यांना बघून तुळजापूरच्या घाटापर्यंत गाडी पळवत गेला, त्याला वाटलं बँकेचे वसुलीवाले आले. तशात हेड ऑफिसनं पुण्याला एका पंचतारांकित हॉटेलात नीतिमत्तेची कार्यशाळा ठेवली. दिवसभर एका सुटाबुटातल्या पाहुण्या व्याख्यात्यानं पडद्यावर गोल आणि बाण दाखवून प्रामाणिकपणा समजावून सांगितला. शेवटी प्रत्येकाला आचारसंहितेचं एक जाड पुस्तक दिलं आणि 'मी हे संपूर्ण वाचले आहे' या ओळीखाली सही करायला सांगितली. बाकीच्यांनी सही ठोकली आणि जेवणाकडं धावले. दाजींनी पहिल्या पानापासून पुस्तक वाचायला घेतलं. न वाचता वाचलं म्हणून सही करायची, तीही नीतिमत्तेच्या पुस्तकात, हे त्यांना काही केल्या पटेना. वेटर टेबलं पुसून गेले, परतीची बस हॉर्न वाजवून थकली, तरी हे आपले बोट ठेवून वाचतायत. वाचून झाल्यावर उठले आणि व्याख्यात्याला म्हणाले, "साहेब, यात लिहिलंय की कंपनीबाहेरच्या माणसाकडून भेटवस्तू घेऊ नये. तुम्ही तर आत्ता सगळ्यांना तुमच्या संस्थेचं भिंतीवरचं घड्याळ वाटलंत." दाजींचं घड्याळ परत गेलं आणि त्यांच्यामुळं लाजेकाजेस्तव सगळ्यांचीच घड्याळं परत गेली. येताना बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा तुळजापूरपर्यंत रिकामीच राहिली.

यानंतर त्यांची उचलबांगडी सामाजिक दायित्व विभागात झाली. मोठ्या कंपन्यांना नफ्यातला थोडा वाटा समाजाच्या भल्यावर खर्चावा लागतो, तो हा विभाग. मॅनेजरांचा हिशेब साधा होता. खरेदीत प्रामाणिक माणूस अडचण करतो, दानधर्मात काय अडचण करील? विभाग म्हणजे एक टेबल, फ्लेक्सची एक गुंडाळी आणि पुण्याहून फोनवर बोलणाऱ्या एक मॅडम. मॅडम स्वभावानं चांगल्या, फक्त कायम दुसऱ्या मीटिंगमध्ये असायच्या. तोवर विभागानं केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे माळावरच्या वाड्यांना सौर कंदील वाटले होते. आमच्याकडं पवनचक्कीला पंखा म्हणतात. तर ज्या वाडीच्या डोक्यावर कंपनीचे पंखे रात्रंदिवस फिरून पुण्यामुंबईला वीज धाडतात, त्या वाडीत अंधार असतो, म्हणून कंदील. कंदिलावर कंपनीचं नाव इतकं ठळक की उजेडाला बाहेर यायला जागा उरली नव्हती. दाजींनी भोळेपणानं विचारलं, "मॅडम, कंदिलापरीस वरनं एक तार खाली सोडली तर?" मॅडम म्हणाल्या, "तो दुसरा विभाग आहे."

मग शेळ्यांची योजना आली. लोहाऱ्याकडच्या माळावर एक वाडी आहे, तिथं एकट्यानं संसार ओढणाऱ्या बायकांना उस्मानाबादी शेळ्या वाटायच्या. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीनं ते अजून मनावर घेतलेलं नाही. फ्लेक्स छापून आला, फोटोग्राफर ठरला, शेळ्या टेम्पोत चढल्या, आणि दाजी वाडीत निरोप द्यायला गेले तर बायका शेळ्या घेईनात. त्यांची म्होरकी सोजरबाई म्हणून एक विधवा म्हातारी, साऱ्या वाडीची मावशी. तिनं पदर खोचून विचारलं, "फुकट? का बरं फुकट? मागं एका कंपनीनं आमाला फुकट साड्या वाटल्या. साडी जुनी व्हायच्या आत वावरातनं रस्ता गेला. आता शेळी घितली तर काय न्याल?"

दुसरा कुणी असता तर त्यानं समजूत काढली असती, थोरामोठ्यांची नावं घेतली असती. दाजींना म्हातारीचं बोलणं शंभर टक्के पटलं. फुकटाच्या बाबतीत आपल्या मताचं माणूस त्यांना जन्मात पहिल्यांदा भेटत होतं. ते तिथंच बांधावर बसले आणि म्हणाले, "खरं हाय मावशी. फुकट नकोच. अर्धलीनं घ्या."

अर्धली म्हणजे आमच्याकडची जुनी चाल. शेळी एकाची, सांभाळणं दुसऱ्याचं, होतील ती करडं निम्मी-निम्मी. मध्ये कागद नाही, साक्षीदार नाही, नुसता शब्द. बायकांचे चेहरे लगेच मोकळे झाले. हे त्यांना कळत होतं. यात कुणी देणारा नव्हता, कुणी घेणारा नव्हता, दोघंही वाटेकरी. आता दाजी परस्पर शब्द देणाऱ्यातले नव्हेत. त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला, "अर्धलीनं देऊ का? इकडं तीच पद्धत हाय." मॅडम मीटिंगमध्ये होत्या. म्हणाल्या, "लोकल मॉडेल आहे ना? व्हेरी नाइस. करा करा." दाजींनी फोन खिशात ठेवला आणि सोजरबाईला सांगितलं, "कंपनीची परवानगी आली." म्हातारीनं तोवर येऊन पोचलेल्या टेम्पोतल्या एका शेळीचा कान धरून म्हटलं, "मग शब्द झाला. कंपनीचा हिस्सा आमी दारात आणून दिऊ." फोटो निघाले, फ्लेक्सवर 'मोफत वाटप' असं लिहिलेलं होतं, पण ते वाचायची वाडीत कुणाला गरज पडली नाही.

वर्ष सरलं. शेळ्या व्यायल्या, बहुतेकींनी जुळी दिली, करडं माळावर उड्या मारू लागली. इकडं मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब साइट बघायला येणार होते. गेटवर कमान, झेंडूच्या माळा, मॅडमही जातीनं हजर. साहेब गाडीतून उतरतायत, एवढ्यात रस्त्यानं सोजरबाई आणि तिच्या मागं बायकांची रांग, प्रत्येकीच्या हातात दोरी आणि दोरीला करडू. ठरल्या शब्दाप्रमाणं त्या कंपनीचा निम्मा वाटा घेऊन आल्या होत्या, तोही धुऊनपुसून, कपाळाला हळद लावून. बेंबें करत सगळा कळप गेटात शिरला. एका करडानं कमानीवरची माळ खाल्ली, एकानं साहेबांच्या हातातल्या पुष्पगुच्छाला तोंड लावलं, आणि एकानं फ्लेक्सचा कोपरा चावून 'सामाजिक दायित्व' मधलं 'दायित्व' संपवत आणलं. तिथं हजर असलेल्या जीपच्या ड्रायव्हरनं मला हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. पुढचं ऐकताना मात्र हसू आलं नाही.

साहेबांनी विचारलं, हे काय आहे. मॅनेजरांना घाम फुटला. गरिबांना दिलेल्या दानातून कंपनीनं निम्मं परत घेतलं असं पेपरात आलं तर काय राहणार? आणि दानातून नफा घेता येत नाही, हिशेबात तो मांडायचा कुठं? मॅडमनी त्यांच्या अहवालात ही योजना 'संपूर्ण मोफत' म्हणून दाखवलेली. साहेब मात्र दिलदार. हसून म्हणाले, "अरे, सगळी ठेवू दे की त्यांनाच. सांगा त्यांना, आम्ही फुकट दिली होती म्हणून." सगळ्यांना हायसं वाटलं. किती सोपं होतं. मॅनेजरनी पुढं होऊन बायकांना तसं सांगितलं, की शेळ्या दान होत्या, अर्धली वगैरे काही नव्हतं, गैरसमज झाला, करडं घेऊन घरी जा.

बायका जागच्या हलेनात. सोजरबाईनं मॅनेजरांकडं बघितलंच नाही, ती दाजींकडं बघून म्हणाली, "म्हंजी आमी वरीसभर दान खाल्लं व्हय? मी माझ्या नातवंडापायी करडाचं दूध तोडलं न्हाय, करडू दुसऱ्याचं हाय म्हणून. आता तुमीच सांगा, शब्द झाला व्हता का न्हवता?"

मॅनेजर दाजींच्या कानाशी लागून म्हणाले, सांगा झाला नव्हता म्हणून, दोन शब्दांचं काम आहे, नाहीतर उद्यापासून येऊ नका. दाजींच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली, धाकटीचं शिक्षण चाललेलं, घराचे हप्ते अर्धे बाकी. या वयात पेनांची दोन खिशांत वाटणी करणाऱ्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार? बरं, खोटं बोलण्यानं कुणाचं नुकसानही होत नव्हतं, उलट बायकांना सगळीच करडं मिळत होती. मी तिथं असतो तर त्यांना म्हणालो असतो, दाजी, बोलून टाका. मी नक्की म्हणालो असतो.

दाजी पुढं झाले, एकेकीच्या हातातली दोरी स्वतःच्या हातात घेतली आणि त्या चौकापर्यंत जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "शब्द झाला व्हता मावशी. कंपनीचा हिस्सा पोचला." बायका समाधानानं माघारी गेल्या. दाजी मोठ्या साहेबांसमोर दोऱ्या धरून उभे, आणि करडं त्यांच्या पायांत गुंतत होती.

पुढं जे पत्र आलं ते वाचून मी संतापानं आठवडाभर नीट जेवलो नाही. लाभार्थ्यांकडून विनापरवाना वस्तू स्वीकारणं हा आचारसंहितेचा भंग आहे, असं कारण देऊन दाजींना काढून टाकलं. अख्ख्या कंपनीत ते पुस्तक ज्या एका माणसानं वाचलं होतं, त्याच्यावरच ते उगारलं. कोर्टात जा म्हणालो, तर म्हणाले, "कलम बरोबर हाय हो. लागू चुकीच्या माणसाला केलं, एवढंच." अशा वेळी मला या माणसाचा भयंकर राग येतो, आणि रागाच्या खाली जीव तुटत असतो तो वेगळाच. त्या वर्षी मॅडमच्या योजनेला कुठलंसं बक्षीसही मिळालं म्हणतात. स्थानिक पद्धतीचा अभिनव वापर, असं काहीसं.

करडं काही कंपनीनं ठेवून घेतली नाहीत. ती दाजींनी कंपनीच्याच नावावर शेजारच्या वाडीतल्या बायकांना अर्धलीनं दिली, दोनतीन पाठी, म्हणजे माद्या, तेवढ्या स्वतःच्या दारात बांधल्या. आता ते आडत दुकानात हिशेब लिहितात. अक्का कुरकुर करत शेळ्यांना पाला आणतात. मागल्या बाजाराच्या दिवशी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, तर सोजरबाई आली, नव्या वेताचं करडू काखेत घेऊन. दाजी अवघडले. म्हणाले, "मावशी, मी आता कंपनीत न्हाय. ह्याच्यावर माझा हक्क लागत न्हाय." म्हातारी ओट्यावर टेकली, घाम पुसला आणि म्हणाली, "कंपनी आमी कुठं बघितली हो? लांबनं पंखं बघितलं. शब्द तुमी दिलाय." करडू तिनं दाजींच्या मांडीवर ठेवलं, पाणी पिऊन ती निघून गेली.

दाजी त्या करडाच्या पाठीवरून हात फिरवू लागले. मी मास्तरकीच्या सवयीनं विचारलं, "दाजी, कंपनी काय आता हा हिस्सा मागायला येतेय?"

"येत न्हाय. पण आली तर माझ्याकडं न्हाय असं व्हायला नको."

तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या. दारात दोन शेळ्या दुभत्या आणि चहा कोरा. मी अक्कांकडं बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, आणि मग मान वळवून गल्लीच्या टोकाकडं बघू लागल्या. तिथं अंगणवाडीच्या दारात गल्लीतली पोरं पेले घेऊन ओळीनं बसली होती आणि बाई त्यांना दूध वाटत होत्या. "रोज जातं," अक्का म्हणाल्या. "हे स्वतः नेऊन देतात. अन् देताना त्या बाईंना सांगतात, कंपनीच्या वतीनं."